सीनाकाठचा पूर आणि पंचनाम्यात न बसणारं दप्तर

सीना नदी अहिल्यानगरजवळ उगम पावते आणि सोलापूर जिल्ह्यातले करमाळा, माढा, मोहोळ हे तालुके ओलांडून हत्तरसंग-कुडलला भीमेत मिसळते. एरवी तिच्या पात्रात पाण्यापेक्षा वाळूच जास्त. सप्टेंबर २०२५मध्ये, ऐन घटस्थापनेच्या सुमारास, वरच्या जिल्ह्यांतल्या पावसाचं पाणी सीना-कोळेगाव धरणातून आणि उपनद्यांतून एकदमच खाली आलं. लांबोटीजवळ सोलापूर-पुणे महामार्ग आणि वडकबाळला विजयपूरचा रस्ता बंद पडला. उंदरगाव, दारफळ अशा गावांत घरांपर्यंत पाणी चढलं, एनडीआरएफच्या बोटी उतरल्या.

सोलापूरच्या यंत्रणेचा हात बसलेला तो दुष्काळावर: टँकर, चारा छावणी, रोजगार हमी योजना. दुष्काळ महिनोन्‌महिने सांगून येतो, पूर एका रात्रीत दारात. अशा वेळी निवाऱ्याला जिल्हा परिषदेच्या शाळा, देवळं आणि मंगल कार्यालयंच हाताशी असतात, म्हणजे घराबरोबर मुलांची शाळाही जाते.

अन्नाच्या बाबतीत हा जिल्हा तयारीचा. कडक भाकरी आणि शेंगाचटणी म्हणजे चूल न पेटवता चालणारी शिदोरी. ओल लागली नाही तर भाकरी कित्येक दिवस टिकते. पण दीड वर्षाच्या लेकराला ती चावता येत नाही. त्याला मऊ खिचडी, दूध आणि उकळलेलं पाणी लागतं, आणि मदतीच्या टेम्पोत नेमकं हेच कमी असतं. ही उणीव भरून काढायला अंगणवाडी सेविकाच उपयोगी पडते: कुठल्या घरात तान्हं आहे, कोण गरोदर आहे, हे तिला तोंडपाठ असतं.

सरकारी मदत पंचनाम्यावर चालते. आपत्ती निधीच्या २०२५च्या निकषांत कुटुंबाला कपड्यांसाठी २,५०० आणि भांड्यांसाठी २,५०० रुपये, दुभत्या जनावरासाठी ३७,५००, तर पूर्ण पडलेल्या पक्क्या घराला १,२०,००० रुपये होते. ७ ऑक्टोबर २०२५ला राज्याने ३१,६२८ कोटींचं पॅकेज जाहीर केलं. त्यात भरपाई मिळणाऱ्या जनावरांच्या संख्येची मर्यादा उठली. परीक्षा शुल्क माफीही मिळाली. दप्तराला मात्र निकषच नाही. भिजलेल्या वह्या, कंपास, गणवेश हे सारं देणगीदारांच्या भरवशावर.

त्याहून अवघड भाग कागदांचा. पैसे थेट बँक खात्यात येतात; आधार, रेशनकार्ड, पासबुक चिखलात गेलं की तलाठ्याने नाव लिहूनही रक्कम अडते. मुलांच्या बाबतीत हा धागा शाळेच्या जनरल रजिस्टरपाशी जातो. जन्मतारीख, जात, प्रवेशाची नोंद त्यातच असते आणि शाळा सोडल्याचा दाखला त्यावरूनच निघतो. पाणी ओसरल्यावर ते रजिस्टर पान पान सुटं करून सावलीत वाळवावं लागतं. उन्हात टाकलं तर शाई फिकट पडते आणि पानं वाकडी होतात.