नीम येथील रोमन वास्तु

रोमन वास्तु पाहण्यासाठीं रोमलाच गेलें पाहिजे, असें नाहीं. दक्षिण फ्रान्समधील नीम हें शहर त्या दृष्टीनें फार सोयीचें आहे. प्रवासी बहुधा प्रथम वळतो तो तेथील लंबवर्तुळाकार क्रीडागाराकडे. त्याची लांबी १३३ मीटर, रुंदी १०१ मीटर. बाहेरच्या भिंतीला साठ साठ कमानींचे दोन मजले. मध्ययुगांत लोकांनीं आंत घरें बांधून तेथें वस्तीच थाटली होती. ती एकोणिसाव्या शतकांत उठविण्यांत आली. आतां तेथें बैलांच्या झुंजी होतात. ज्याला तो प्रकार रुचत नाहीं, त्यानें अन्य दिवशीं जावें.

परंतु खरा वेळ द्यावा तो ‘मेझों कारे’ला. नांवाचा अर्थ चौकोनी घर; वास्तविक तें मंदिर आहे. तबेला, मठाचें देऊळ, दफ्तरखाना, अशी नाना कामें त्यानें केलीं, आणि वापरांत राहिलें म्हणूनच तें टिकलें. दर्शनी पट्टीवरील ब्राँझचीं अक्षरें मात्र केव्हांच नाहींशीं झालीं होतीं. उरलीं होतीं तीं केवळ खिळ्यांचीं भोकें. नीमचेच विद्वान् झां-फ्रान्स्वा सेगिए यांनीं १७५८ सालीं त्या भोकांची मांडणी तपासून मूळ लेख लावला. एकच भोक दोनतीन निरनिराळ्या अक्षरांना लागू पडूं शकतें, हें ध्यानीं घेतलें म्हणजे या कामाची चिकाटी कळते. मंदिर कोणाचें, याविषयींचे जुने तर्क त्यामुळें मागें पडले. तें अर्पण केलेलें होतें गायस व लूशियस या भावांना. हे ऑगस्टसचे दौहित्र. त्यानें त्यांना दत्तक घेऊन वारस ठरविलें होतें. लूशियस इ. स. २ मध्यें मार्सेय येथें वारला, गायस इ. स. ४ मध्यें, गादी गेली ती तिबेरियसकडे.

शहराला पाणी येई तें युझेसजवळच्या झऱ्याचें. सरळ अंतर सुमारें वीस किलोमीटर; पण टेकड्या टाळण्यासाठीं पाट नेला तो पन्नास किलोमीटर, आणि एवढ्या वाटेंत एकूण उतार अवघा साडेबारा मीटरांचा, म्हणजे किलोमीटरला सरासरी पाव मीटर! गार्दों नदीवर त्यासाठीं बांधलेला तीन मजली पूल सुमारें ४९ मीटर उंच आहे. तो पाहण्यास सगळेच जातात. पाट जेथें संपे तो वाटोळा हौद खुद्द शहरांत असूनहि फारसे कोणी पाहत नाहीं. १८४४ सालीं तो सांपडला. त्याच्या भिंतींत शिशाचे नळ बसविण्याचीं दहा भोकें आहेत. येथूनच पाणी शहरभर वांटलें जाई.