अपठित उतारा कसा वाचावा?



पाठ्यपुस्तकात नसलेला एखादा इंग्रजी उतारा देऊन त्याखाली प्रश्न विचारण्याची पद्धत तुम्हांस अपरिचित नाही. ह्यालाच आपण अपठित उतारा म्हणतो. शालान्त परीक्षेपर्यंत हा प्रश्न थोड्या गुणांचा असतो, म्हणून बहुतेक विद्यार्थी तो शेवटी उरलेल्या वेळात कसाबसा उरकतात. परंतु शाळा सोडून विद्यापीठाच्या दाराशी गेल्यावर मात्र ह्याच उताऱ्याला मोठे महत्त्व येते. मराठी माध्यमातून शिकलेल्या मुलाच्या मनात तेथे धास्ती उभी राहते, आणि घरच्या मंडळींच्या मनात तर ती त्याच्याही आधी उभी राहिलेली असते. ही धास्ती कितपत खरी आहे आणि तिच्यावर उपाय कोणता, ह्याचा विचार ह्या लेखात करावयाचा आहे.

प्रथम परीक्षेचे स्वरूप पाहू. दिल्ली विद्यापीठ, बनारस हिंदू विद्यापीठ इत्यादी केंद्रीय विद्यापीठांत पदवीवर्गाच्या प्रवेशासाठी २०२२ सालापासून एक सामाईक परीक्षा घेतली जाते. सी. यू. ई. टी. ह्या आद्याक्षरांनी ती ओळखली जाते. तिच्यात भाषेची स्वतंत्र प्रश्नपत्रिका असते. २०२५ साली ह्या प्रश्नपत्रिकेत ५० प्रश्न होते, ते सर्व सोडविणे आवश्यक होते आणि वेळ ६० मिनिटांचा होता. प्रत्येक प्रश्नाला चार पर्यायी उत्तरे. बरोबर उत्तराला ५ गुण, चुकीच्या उत्तराला १ गुण वजा. शब्दार्थ, समानार्थी व विरुद्धार्थी शब्द, वाक्याचे विस्कळित भाग जुळविणे असे प्रश्न तिच्यात असतातच. पण मुख्य भाग उताऱ्याच्या आकलनाचा. उतारे तीन जातींचे असतात: माहितीपर, कथनात्मक आणि वाङ्मयीन. एक गोष्ट आपल्या ध्यानात असावी की, ह्या परीक्षेत मराठी हीही एक भाषा आहे आणि तिच्या प्रश्नपत्रिकेचा आराखडा इंग्रजीसारखाच आहे. म्हणजे परीक्षक जे कौशल्य तपासतो ते केवळ इंग्रजीचे नव्हे. ते वाचनाचे कौशल्य आहे.

आता आकलन म्हणजे काय? पुष्कळांची समजूत अशी की, उताऱ्यातील प्रत्येक शब्दाचा अर्थ ठाऊक असला म्हणजे उतारा समजला. म्हणून ते शब्दांच्या याद्या पाठ करीत बसतात. शब्दसंग्रह हवाच, परंतु तो सर्वस्व नव्हे. सगळे शब्द ओळखीचे असूनही उत्तर चुकते आणि दोनचार शब्द अनोळखी असूनही उत्तर बरोबर येते, हा वर्गातील नित्याचा अनुभव आहे. लेखक काय म्हणतो, तो ते कशाच्या आधारावर म्हणतो आणि तो काय म्हणत नाही, ह्या तीन गोष्टी कळणे म्हणजे आकलन. ह्यांपैकी तिसरी गोष्ट सर्वांत कठीण, आणि तेथेच हुशार विद्यार्थीही फसतात.

एक उदाहरण घेऊ. समजा, परीक्षेत आपल्या गोव्याच्या खाजन जमिनीविषयी एक इंग्रजी उतारा आला आहे आणि त्याचा आशय पुढीलप्रमाणे आहे:

‘भरतीच्या खाऱ्या पाण्यापासून बांध घालून राखलेल्या सखल जमिनीला खाजन म्हणतात. बांधाला मानस असते. भरती आली की बाहेरचे पाणी मानशीचे दार दाबून बंद करते. ओहोटी लागली की आतले पाणी ते दार ढकलून बाहेर पडते. ही रचना साधी आहे, परंतु ती आपोआप टिकत नाही. बांध एके ठिकाणी जरी फुटला तरी खारे पाणी सगळ्या शेतांत पसरते आणि पुढल्या हंगामात पेरणी करता येत नाही. म्हणूनच पूर्वी गावकरी बांधाची देखरेख सामाईकपणे करीत. ती पद्धत जसजशी ढिली पडली, तसतशी अनेक शेते पडीक राहिली.’

ह्यावर पहिला प्रश्न असा येईल: ओहोटीच्या वेळी मानशीचे दार कशाने उघडते? ह्याचे उत्तर उताऱ्यात उघड लिहिलेले आहे. बोट ठेवून ओळ दाखविता येईल, अशा ह्या प्रश्नाला आपण ‘ओळीवरचा प्रश्न’ म्हणू. दुसरा प्रश्न: एका शेतकऱ्याने आपल्यापुरती काळजी घेतली तर त्याचे शेत सुरक्षित राहील काय? ह्याचे उत्तर कोणत्याही एका ओळीत नाही; पण बांध कोठेही फुटला तरी पाणी सगळीकडे पसरते ह्या विधानावरून ते निश्चितपणे निघते. हा झाला ‘ओळींमधला प्रश्न’. तिसरा प्रश्न साऱ्या उताऱ्याचा मध्यवर्ती विचार विचारणारा असतो, आणि त्याचे चार पर्याय बहुधा असे दिलेले असतात:

(अ) मानशीचे दार भरती-ओहोटीच्या दाबाने चालते.
(ब) मानशीवर धरलेल्या मासळीपासून गावाला उत्पन्न मिळते.
(क) खाजन जमीन टिकून राहणे सामाईक देखरेखीवर अवलंबून आहे.
(ड) सामाईक पद्धत मोडल्यामुळे सर्व खाजन जमीन नष्ट झाली.

ह्यांतील (अ) खरा आहे. परंतु तो उताऱ्याचा एक तुकडा आहे, गाभा नव्हे. (ड) मध्ये ‘अनेक’ ह्या शब्दाच्या जागी ‘सर्व’ आणि ‘पडीक राहिली’ ह्याच्या जागी ‘नष्ट झाली’ असा फेरफार केलेला आहे. लेखक जेथवर गेला त्याच्या पुढे हा पर्याय जातो. (ब) सर्वांत फसवा. मानशीपाशी मासळी धरतात हे आपल्याकडील नदीकाठच्या मुलाला चांगले ठाऊक असते. विधान खरे आहे, पण ह्या उताऱ्यात मासळीचा शब्दही नाही! ज्याला विषयाची माहिती अधिक, तोच येथे चुकण्याचा संभव अधिक. योग्य उत्तर (क).

चुकीच्या पर्यायांच्या ह्या तीन जाती ओळखावयास शिकलात की अर्धे काम झाले: एक अपुरा, दुसरा उताऱ्याबाहेरचा, तिसरा अतिशयोक्त. परदेशी विद्यापीठांतील प्रवेशासाठी घेतल्या जाणाऱ्या आय. ई. एल. टी. एस. ह्या परीक्षेत तर हा भेद प्रश्नातच मांडलेला असतो. १९८९ सालापासून चालत आलेल्या ह्या परीक्षेच्या वाचनविभागात ६० मिनिटांत ४० प्रश्न सोडवावयाचे असतात. त्यांतील काही प्रश्नांना ‘खरे’ व ‘खोटे’ ह्यांच्या जोडीला ‘उल्लेख नाही’ असे तिसरे उत्तर असते. आपल्याला जे ठाऊक आहे आणि लेखकाने जे सांगितले आहे, ह्या दोहोंत अंतर राखण्याची ही परीक्षा होय.

आता भाषेच्या अडचणीकडे वळू. मराठी वाक्यात क्रियापद शेवटी येते. इंग्रजी वाक्यात ते सामान्यतः कर्त्याच्या मागोमाग येते. पण पुष्कळदा कर्ता आणि क्रियापद ह्यांच्यामध्ये एखादे लांब उपवाक्य येऊन बसते आणि वाचणारा गोंधळतो. ‘दि गेट दॅट दि व्हिलेजर्स रिपेअर्ड एव्हरी इयर ब्रोक’ हे वाक्य पाहा. घाईने वाचणारा मुलगा गावकऱ्यांनी काहीतरी मोडले असे समजतो. वास्तविक कर्ता ‘दि गेट’ आणि मुख्य क्रियापद ‘ब्रोक’. मधला भाग ते दार कोणते एवढेच सांगतो. म्हणून लांब वाक्य दिसले की शब्दामागून शब्द मराठीत उतरवीत जाऊ नये. आधी कर्ता शोधावा, मग त्याचे क्रियापद शोधावे, आणि मग बाकीचे शब्द त्यांच्याभोवती बसवावे.

दुसरी अडचण लहान शब्दांची. मोठ्या शब्दांना आपण भितो आणि लहान शब्दांवरून घसरतो. ‘अ फ्यू’ म्हणजे थोडेसे तरी आहेत; नुसते ‘फ्यू’ म्हणजे जवळजवळ नाहीतच. ‘हार्डली’ ह्या शब्दात ‘नाही’ कोठे दिसत नाही, पण तो वाक्याला नकारार्थी करतो. ‘अनलेस’ म्हणजे ‘जर न’. ‘ऑलदो’ आले की लेखक एक गोष्ट मान्य करून दुसरीकडे वळणार आहे असे समजावे. ‘बट’ किंवा ‘हाऊएव्हर’ आले की त्याच्या पुढे लेखकाचे खरे म्हणणे असण्याचा संभव फार. वरील उताऱ्यात ‘ही रचना साधी आहे, परंतु’ येथेच सारा उतारा वळला आहे, हे तुमच्या लक्षात आले असेलच.

अनोळखी शब्दाचे काय करावे? येथे शितावरून भाताची परीक्षा हीच रीत उपयोगी. किंबहुना ही म्हणच पाहा. आपल्या घरी कोंकणीत ‘शीत’ म्हणजे शिजलेला भात. तोच शब्द मराठीच्या पुस्तकात ह्या म्हणीत आला, तेव्हा ‘शितावरून भाताची’ असे वाचून येथे शीत म्हणजे भाताचा एक कण, हे तुम्ही कोश न उघडताच ओळखले. घरी एक भाषा आणि शाळेत दुसरी, असे शिकलेल्या मुलाने संदर्भावरून अर्थ काढण्याची ही विद्या लहानपणीच साधलेली असते. ती इंग्रजीपुढे आल्यावर मात्र तो उगाच विसरतो. आपल्या खाजनाच्या उताऱ्यात ‘पडीक’ ह्या अर्थी ‘फॅलो’ हा शब्द असता आणि तो तुम्हांस ठाऊक नसता, तरी खारे पाणी शिरले, पेरणी करता आली नाही, एवढ्यावरून तो कळण्यास काय हरकत होती?

वेळेचा हिशेबही बांधून ठेवला पाहिजे. ५० प्रश्न आणि ६० मिनिटे म्हणजे प्रत्येक प्रश्नाला सरासरी ७२ सेकंद, आणि उतारा वाचण्याचा वेळ ह्यातूनच काढावयाचा. म्हणून आधी प्रश्नांवरून नजर फिरवावी, पर्याय वाचू नयेत. मग उतारा एकदा सलग वाचावा. नंतर एकेका प्रश्नासाठी त्या त्या ओळीकडे परत यावे. उत्तर ठाऊक नसेल तेव्हा काय करावे, हेही गणिताने ठरविता येते. चारही पर्याय सारखेच अंधारात असतील आणि अशा चार प्रश्नांवर नुसता तर्क केला, तर सरासरीने एक बरोबर येऊन ५ गुण मिळतात व तीन चुकून ३ जातात. लाभ अवघा २ गुणांचा, तोही नशिबाच्या हवाली. परंतु विचार करून दोन पर्याय आधीच बाद करता आले, तर अशा दोन प्रश्नांत ५ मिळून १ जातो. लाभ ४ गुणांचा. गुण खरोखर कोठून येतात, तर चुकीचे पर्याय सकारण बाजूस सारण्यातून. हे नियम बदलू शकतात. म्हणून त्या त्या वर्षाचे माहितीपत्रक अवश्य पाहावे.

शेवटी सरावाविषयी. परीक्षेच्या आदल्या महिन्यात उताऱ्यांचा ढीग उपसणे म्हणजे पी हळद नि हो गोरी असा प्रकार होय. नववीपासून रोज एकच उतारा, पण नीट वाचलेला, हा क्रम ठेवावा. अमेरिकेतील ओहायो राज्य विद्यापीठाचे प्राध्यापक फ्रान्सिस रॉबिन्सन ह्यांनी १९४६ साली अभ्यासवाचनाच्या पाच पायऱ्या सांगितल्या: वरवर पाहणे, प्रश्न करणे, वाचणे, मनाशी पुन्हा सांगणे आणि उजळणी करणे. त्यांतील चौथी पायरी आपण नेहमी गाळतो. उतारा वाचून झाला की पुस्तक मिटावे आणि प्रत्येक परिच्छेदाचा आशय मराठीत किंवा कोंकणीत एकेका वाक्यात स्वतःला सांगावा. शब्दशः भाषांतर करू नये. सारांश अवश्य सांगावा. तो सांगता आला नाही तर उतारा समजलेला नाही, एवढे नक्की समजावे.

त्यापुढे एक वही घालावी. चुकलेला प्रत्येक प्रश्न तीत लिहून त्यापुढे चुकीचे कारण नोंदवावे: शब्द अडला, वाक्य अडले, की उताऱ्याबाहेरचा पर्याय निवडला? महिन्याभराने ती वही चाळलीत तर आपली नेहमीची ठेच कोणत्या दगडाला लागते हे आपोआप दिसेल. वाचनसामग्रीसाठी पैसा वेचण्याचे कारण नाही. शाळेच्या ग्रंथालयातील वरच्या इयत्तांची इंग्रजी क्रमिक पुस्तके, इंग्रजी दैनिकातील अग्रलेख, आणि पणजीस जाणे झाले तर १८३२ साली स्थापन झालेले आपले मध्यवर्ती ग्रंथालय, एवढी साधने पुरेशी आहेत.

पालकांनाही एक विनंती आहे. मूल मराठी शाळेत शिकते म्हणून पुढे इंग्रजीत मागे पडेल, ह्या भीतीने त्याच्या हातातील मराठी पुस्तक काढून घेऊ नका. इंग्रजीचे शब्द आणि इंग्रजी वाक्याची घडण त्याला कष्टाने शिकावीच लागेल. त्यातून सुटका नाही. परंतु लेखकाचा मुद्दा हेरणे, ‘अनेक’ आणि ‘सर्व’ ह्यांतील भेद ओळखणे, न लिहिलेले लेखकाच्या तोंडी न घालणे, ह्या सवयी ज्या भाषेत मूल सहज वाचते त्याच भाषेत प्रथम रुजतात आणि मग दुसऱ्या भाषेत त्याच्याबरोबर जातात. रात्री जेवणे झाल्यावर वर्तमानपत्रातील एखादा मजकूर मुलाकडून मोठ्याने वाचून घ्या आणि ‘ह्यात लेखकाने काय सांगितले?’ एवढेच विचारा. विद्यार्थिमित्रांनो, तुम्हीही उद्यापासूनच आरंभ करा. रोज एक उतारा, एक सारांश आणि वहीत एक नोंद, एवढ्या शिदोरीवर कोणत्याही विद्यापीठाच्या परीक्षेला निर्भयपणे सामोरे जाता येईल.