ग्रंथीतून बाहेर पडण्याची वाट

धाराशिव जिल्ह्यातल्या बेंबळीसारख्या गावात ज्या काळ्याभोर उस्मानाबादी शेळ्या दावणीला बांधलेल्या दिसतात, त्यांपैकी एखादीच्या खांद्याच्या सांध्यापुढे बोटे किंचित दाबून फिरवली, तर कातडीखाली इकडून तिकडे सरकणारी एक लांबट गाठ हाताला लागते. जनावर तापले की जाणता पशुवैद्य ही गाठ चाचपल्यावाचून राहत नाही. २०२२ सालच्या लम्पीच्या साथीत गाईबैलांच्या याच गाठी सुजलेल्या कित्येक शेतकऱ्यांनी प्रत्यक्ष पाहिल्या. पायाला जखम चिघळून माणसाच्या जांघेत अवधाण येते, तेही अशाच ग्रंथीचे. तिला लसीकाग्रंथी म्हणतात. शरीराच्या रक्षणासाठी तैनात असलेल्या लसीकापेशी येथे येऊन रोगजंतूंच्या अंशांची चौकशी करतात, ही गोष्ट आता शाळेतल्या मुलांनाही शिकविली जाते. परंतु चौकशी संपल्यावर त्या बाहेर कशा पडतात, हा प्रश्न तितकाच महत्त्वाचा असूनही फारसा कोणी विचारीत नाही.

रक्तातून ग्रंथीत शिरण्याची वाट म्हणजे जाड अस्तराच्या काही विशिष्ट सूक्ष्म नीला. बाहेर पडण्याची वाट मात्र निराळी: पेशी लसीकेच्या प्रवाहात उतरते, वाहिन्यांतून पुढे सरकत छातीतील मुख्य लसीकावाहिनीत येते आणि मानेच्या मुळाशी पुन्हा रक्तात मिसळते. हे अखंड परिभ्रमण ऑक्सफर्ड येथील जेम्स गोवन्स यांनी १९५०च्या दशकात उंदीरवर्गीय प्राण्यांवर प्रयोग करून सिद्ध केले. त्या मुख्य वाहिनीतील लसीका बाहेर काढून घेत राहिले की रक्तातील लसीकापेशी घटत जात, आणि काढलेल्या पेशी परत सोडल्या की वाहिनीतील त्यांचा ओघ पूर्ववत होई.

याहून बारकाईचे काम मेंढीने करून दिले. ऑस्ट्रेलियातील कॅनबेरा येथे बीड मॉरिस आणि त्यांचे सहकारी यांनी मेंढीच्या मागच्या पायातील, गुडघ्यामागे असलेल्या एकाच ग्रंथीतून बाहेर पडणाऱ्या वाहिनीत बारीक नळी बसविली. जनावर शुद्धीवर असे, उभे राहून चारा खाई, आणि लसीका थेंबाथेंबाने बाटलीत गोळा होत राही. १९६५ साली हॉल आणि मॉरिस यांनी दाखवून दिले की त्या थेंबांतील बहुतेक पेशी ग्रंथीत जन्मलेल्या नसून रक्तातून आलेल्या, म्हणजे केवळ मुक्कामाला उतरलेल्या असतात. ग्रंथीला परकीय द्रव्याची चाहूल लागली की प्रथम काही तास पेशींची रवानगी मंदावते, आणि नंतर ती पूर्वीपेक्षा कितीतरी पटींनी वाढते.

ही अडवणूक आणि ही मोकळीक कोणत्या हुकुमाने होते, हे कळायला आणखी चार दशके जावी लागली. स्फिंगोसीन-१-फॉस्फेट नावाचे एक स्निग्ध द्रव्य रक्तात आणि लसीकेत विपुल असते. ग्रंथीच्या गाभ्यात ते अत्यल्प असते. पेशीच्या पृष्ठभागावर ते ओळखणारा ग्राहक असला, तरच तिला बाहेरची दिशा कळते. रक्तातून नुकत्याच आलेल्या पेशीचा ग्राहक आत ओढला गेलेला असतो. काही तासांनी तो पुन्हा वर येतो आणि पेशी निघते. जिला शत्रू सापडला, तिचा ग्राहक मात्र सीडी-६९ हे प्रथिन दाबून धरते, म्हणून ती तेथेच थांबून दिवसचे दिवस आपली संख्या वाढविते. परवान्यावाचून कचेरीचा दरवाजा उघडू नये, तसा हा बंदोबस्त आहे. या ग्राहकावाचून पेशींना ग्रंथी सोडताच येत नाही, हे २००४ साली जेसन सिस्टर यांच्या प्रयोगशाळेने उंदरांत दाखविले. कीटकांवर वाढणाऱ्या एका बुरशीतील द्रव्यावरून जपानमध्ये तयार झालेले फिंगोलिमॉड हे औषध हाच ग्राहक निकामी करून पेशींना ग्रंथीत कोंडून ठेवते. मज्जातंतूंच्या आवरणाची झीज करणाऱ्या मल्टिपल स्क्लेरोसिस या व्याधीवर २०१० साली अमेरिकेत त्याला मान्यता मिळाली.

इतके समजल्यावर सर्व सस्तन प्राण्यांत हाच कायदा चालत असेल असे वाटणे स्वाभाविक आहे; पण गावकुसाबाहेर उकिरडे उकरीत हिंडणारे डुक्कर त्याला अपवाद आहे. त्याची ग्रंथी जणू उलटी रचलेली असते. शेळीत लसीका कडेने शिरून गाभ्याकडे झिरपते. डुकरात ती आणणारी वाहिनी थेट गाभ्यात जाते, पेशींचे पुंजके मध्यभागी वसतात, आणि लसीका परिघावरून बाहेर पडते. त्या बाहेर पडणाऱ्या लसीकेत लसीकापेशी जवळजवळ नसतातच! त्या ग्रंथीतल्या सूक्ष्म नीलांतून परस्पर रक्तात परततात. अंगणात दाणे टिपणाऱ्या कोंबडीची तर याहून निराळी तऱ्हा: तिला अशा ग्रंथी नाहीतच, आणि प्लीहा व आतड्यालगतचे पेशींचे साठे तिचे रक्षण करतात.

माझ्या मते या भिन्नतेचे मोल फार मोठे आहे, कारण मानवी रोगांच्या अभ्यासासाठी डुक्कर हा प्राणी अधिकाधिक वापरला जात आहे. लस टोचल्यावर ग्रंथीने नव्या पेशी किती बाहेर धाडल्या हे मेंढीच्या लसीकेवरून मोजता येते. डुकराच्या बाबतीत तोच शोध त्याच्या रक्तात घ्यावा लागतो.