मियाटाचा एकच हेडलाइट वर येतोय? बिघाड कुठे आहे, असं ओळखा

रात्री लाइट लावले आणि बॉनेटमधून एकच हेडलाइट वर आला, तर? माझदाची पहिल्या पिढीतली एमएक्स-५, म्हणजेच मियाटा, १९८९ ते १९९७ दरम्यान बनली. गरज नसताना तिचे हेडलाइट बॉनेटमध्ये लपतात. इतक्या जुन्या गाडीत ही यंत्रणा कधीतरी रुसतेच.

लक्षात ठेवा: दोन्ही हेडलाइटना उचलणाऱ्या मोटर वेगवेगळ्या आहेत, फ्यूज मात्र एकच.

दोन्ही वर येत नाहीत? दोन्ही मोटर एकदम बिघडणं अवघड. आधी इंजिनाजवळच्या फ्यूज बॉक्समधला 'रिट्रॅक्टर' नावाचा ३० अँपिअरचा फ्यूज बघा, मग रिले.

एकच येत नाही? फ्यूज ठीक आहे. त्या बाजूची मोटर, वायर आणि कनेक्टर तपासा.

मोटरचा आवाज येतो, लाइट हलत नाही? मोटरपर्यंत करंट पोहोचतोय. आतले गिअर झिजलेत किंवा लाइटला जोडणारा दांडा निसटलाय.

वर येतो, पण पेटत नाही? मोटरला दोष देऊ नका. बल्ब आणि त्याचा वेगळा फ्यूज बघा.

रस्त्यात अडकलात तर? लाइट बंद करून आधी रिट्रॅक्टर फ्यूज काढा. मोटर अचानक फिरली तर बोटं चिरडू शकतात. मग मोटरवरची रबरी टोपी काढून आतला नॉब फिरवत राहा. लाइट हळूहळू वर येईल. घरी पोहोचेपर्यंत फ्यूज परत लावू नका, म्हणजे लाइट वरच राहील आणि अंधारात गाडी चालवावी लागणार नाही.