मेक्सिकोत कामानिमित्त गेलात तर…

हॉटेलच्या बुफेत मिरची शोधू नका. दुपारी दोनच्या सुमारास ऑफिसजवळची 'फोंदा', म्हणजे घरगुती खानावळ, गाठा. फळ्यावर 'चिले रेयेनो' दिसलं तर तेच मागवा: पोब्लानो मिरची साल काळी पडेपर्यंत आचेवर भाजून सोलतात, पोटात चीज किंवा खिमा भरतात आणि फेटलेल्या अंड्यात घोळून तळतात. शाकाहाऱ्यांनी सोबतच्या भाताचीही चौकशी करावी. तो अनेकदा कोंबडीच्या पाण्यात शिजवलेला असतो.

पुएब्लात ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये काम निघालं, तर 'चिलेस एन नोगादा' चुकवू नये. फळं घातलेला खिमा, वर अक्रोडाचा पांढरा दाट रस आणि डाळिंबाचे दाणे. तिखटपणा मात्र नावालाच! झणझणीत हवं असेल, तर युकातानचा आबानेरो सालसा. तोही थेंबभर, आणि मीटिंग आटोपल्यावरच.