मागच्या बाकावरचा हट्टी माणूस

कॉलेजात ‘लास्ट बेंचर’ म्हणजे फुल टाइमपास! ब्रिटनच्या संसदेतले ‘बॅकबेंचर’ मात्र वेगळे. पुढच्या बाकांवर मंत्री आणि विरोधकांचे बडे नेते, मागे बाकीचे. ना खातं, ना पद. कॉमन्समधल्या ६५० खासदारांपैकी बहुतेक जण असेच. मग हे करतात काय? तर आपल्या गावाचं गाऱ्हाणं मांडतात.

यातले माझे ऑल टाइम फेव्हरिट म्हणजे सर डेव्हिड अमेस. १९८३ मध्ये ते पहिल्यांदा निवडून आले आणि १९९७ पासून साउथएन्ड वेस्टचे खासदार होते. मंत्री कधीच झाले नाहीत. साउथएन्ड म्हणजे थेम्सच्या मुखाशी वसलेलं, दोन किलोमीटरहून लांब ‘पिअर’ मिरवणारं समुद्रकाठचं गाव. त्याला ‘सिटी’चा दर्जा मिळावा, हा अमेससाहेबांचा हट्ट. तिथे लोकसंख्या वाढली म्हणून कुणी ‘सिटी’ होत नाही. तो मान राजा किंवा राणी देते. त्यातून ना जादा निधी मिळतो, ना जादा अधिकार. मिळते ती फक्त शान!

संसदेच्या अधिकृत नोंदींना ‘हॅन्सार्ड’ म्हणतात. नेटवर त्या फुकट आहेत. मी अमेसांची भाषणं वाचत गेले आणि हसत सुटले. विषय कुठलाही असो, गाडी साउथएन्डवरच! अधिवेशन संपतानाच्या चर्चेत तर ते स्थानिक तक्रारींची अख्खी यादी धडाधड वाचून काढत. ऐकणारे हसत, पण फंडा पक्का होता. सरकारतर्फे कुणाला तरी उत्तराला उभं राहावंच लागतं, आणि बोललेलं सगळं नोंदीत राहतं.

या तक्रारी त्यांच्यापर्यंत यायच्या ‘सर्जरी’तून. दचकू नका, ऑपरेशन नाही! खासदार मतदारसंघात लोकांना भेटायला बसतो, त्याला तिथे सर्जरी म्हणतात. १५ ऑक्टोबर २०२१ रोजी ली-ऑन-सी इथल्या एका चर्चमध्ये अमेस असेच बसले होते. रीतसर अपॉइंटमेंट घेऊन आलेल्या एका अतिरेक्यानं त्यांना भोसकून ठार केलं. त्याआधी जून २०१६ मध्ये जो कॉक्स या खासदारबाईंचा खूनही सर्जरीसाठी पोचतानाच झाला होता.

आणि मग? तीन दिवसांत, १८ ऑक्टोबरला, पंतप्रधान बोरिस जॉन्सन यांनी कॉमन्समध्ये जाहीर केलं, की राणीनं साउथएन्डला ‘सिटी’ करायला मान्यता दिली आहे. १ मार्च २०२२ रोजी तेव्हाचे युवराज चार्ल्स स्वतः सनद घेऊन आले. त्याच वर्षी उन्हाळी सुट्टीआधीच्या चर्चेला अमेसांचं नाव दिलं गेलं.

मला हेच टोचतं. वर्षानुवर्षं जे हसण्यावारी नेलं, ते माणूस गेल्यावर तीन दिवसांत झालं!

त्या खुनानंतर सर्जरीला सुरक्षारक्षक देण्याची सोय झाली. ती हवीच. पण आजीबाईंची थंड पडलेली खोली, पोरीची शाळा, रखडलेली ट्रेन हे सगळं संसदेत पोचतं ते त्याच उघड्या दारातून. भीतीपोटी ते दार लोटलं गेलं, तर मागच्या बाकावरचा माणूस उठून बोलणार तरी काय?