वितीला आलेली शेळी आणि मूठभर जवस

शेळीला आपण गरिबाची गाय म्हणतो. परंतु गाईची वितीच्या वेळी जी काळजी घेतो, ती शेळीच्या वाट्याला क्वचितच येते.

शेळीचा गाभणकाळ सुमारे १५० दिवसांचा. पोटातल्या करडाची बहुतेक वाढ होते ती शेवटच्या दीड महिन्यात. आपल्या उस्मानाबादी शेळीला तर पुष्कळदा जुळी असतात. गर्भाशय वाढला की कोठीपोटाला जागा अपुरी पडते. म्हणजे गरज वाढते नेमका तेव्हाच चारा कमी खाल्ला जातो. व्याल्यावर दूध सुरू होते आणि तूट आणखी वाढते. मग शेळी अंगावरची चरबी झिजवून दिवस काढते.

आता तुम्ही म्हणाल, याचा रोगाशी काय संबंध? रोगजंतूंशी लढतात त्या रक्तातल्या पांढऱ्या पेशी. चरबी झपाट्याने झिजू लागली की रक्तात जे पदार्थ साठतात, त्यांनी या पेशी मंदावतात. मग कासेला दगडी होते, गर्भाशय सुजतो.

येथे तेलबिया उपयोगी पडतात. वजनास वजन धरले, तर तेलातून धान्याच्या दुपटीहून अधिक शक्ती मिळते. जवसात सुमारे ४० टक्के तेल असते आणि त्यातला निम्मा भाग ओमेगा-३ जातीचा. हा भाग अंगातली दाहक सूज आवरण्यास मदत करतो. कोठीपोटातले सूक्ष्मजीव त्यातला बराचसा बदलून टाकतात हे खरे, तरी थोडा पुढे पोचतोच.

पण म्हणून वाटीभर तेल पाजू नका! तेल फार झाले की चारा पचवणारे ते सूक्ष्मजीवच मंदावतात. कोरड्या आहारात एकूण स्निग्धांश ५ टक्क्यांच्या आत असावा. ३५ किलोची शेळी दिवसाला सुमारे १ किलो कोरडा आहार खाते. म्हणजे मर्यादा ५० ग्रॅमची. निम्मा वाटा चारा-खुराकातच असतो. तेव्हा भरडलेले जवस ५० ग्रॅम, म्हणजे २० ग्रॅम तेल, पुरेसे. तेही एकदम नव्हे. चिमटीने सुरुवात करून आठवड्याभरात मुठीवर यावे.

आणखी एक. करडाला आईच्या पोटात रोगप्रतिकारक द्रव्ये मिळत नाहीत. ती मिळतात चिकातून. म्हणून वार पडण्याची वाट न पाहता, दोन तासांच्या आत चीक पाजा.

गुरुजींनी हा हिशेब गणिताच्या तासाला फळ्यावर मांडला, तर तो मुलांबरोबर घरोघरी पोचेल.